अर्ध्या विटेची जागा

या, असे पुढे सरका. मागे भिंतीशी बसलात तर गोष्ट तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर निवून जाईल. पाणी प्यायचं असेल त्यांनी आत्ताच पिऊन घ्या, कारण एकदा सुरू केलं की मी मधे कुणाला उठू देत नाही. मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. राजाची नाही, साधूची नाही, गवंड्याची. माझ्या सख्ख्या काकांची. ही गोष्ट मला पूर्ण कळायला त्यांना जावं लागलं, म्हणून सांगताना माझा आवाज कुठे अडखळला तर तेवढं सांभाळून घ्या.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अंगाने काटकुळे. आवाज इतका हळू की समोरच्याला वाटे आपल्यालाच कमी ऐकू येतं. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं, तरुणपणी दगडाखाली सापडलेलं. पण त्या साडेचार बोटांनी रचलेल्या भिंती बघाव्यात! ओळंबा लावला आणि दोरा जरा जरी हलला, तर बघणारा म्हणे, वारा असेल, भिंत चुकायची नाही.

आणि जीव? जीव मुंगीएवढ्या गोष्टीत अडकायचा. एकदा एका घराच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीने मातीचं घर करायला घेतलं. काकांनी ती चौकट चार दिवस तशीच सोडली आणि बाकीची भिंत उचलली. मालक आला. म्हणाला, “मिस्त्री, एका माशीसाठी माझं काम थांबवता?”

काका म्हणाले, “तिने आधी सुरुवात केली होती, मालक. आणि बघा तरी. एकटी आहे, विटा द्यायला कुणी नाही, परांची नाही, तरी कसं गोल काढलंय. मी शिकतोय.”

मालकाला वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. मी तिथेच होतो, डबा घेऊन गेलो होतो. काका खरोखर मान वाकडी करून बघत होते, शाळेत पहिल्या बाकावरचं पोर फळ्याकडे बघतं तसे.

जुन्या भिंती पाडायचं काम मिळालं की फटीत उगवलेली रोपटी मुळासकट सोडवून आणायचे आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावायचे. मागच्या दारी पाय ठेवायला जागा नसे. काकू म्हणायच्या, “लोकांचे नवरे घरी येताना भाजी आणतात. आमचे भिंतीतलं गवत आणतात!” काका हसायचे आणि नवीन डबा शोधायचे.

आता भोकाचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यातूनच आत जाते.

उंच भिंत बांधायची तर गवंड्याला उभं राहायला परांची लागते. तिचे आडवे वासे टेकवायला भिंतीत अर्ध्या विटेएवढी भोकं सोडतात. काम संपलं की परांची वरून खाली सोडवत आणायची, आणि वासा निघेल तसं त्याचं भोक बुजवत यायचं. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ माणसालाही हे कळतं. काका मात्र प्रत्येक इमारतीवर एक भोक विसरायचे. एकच. सगळ्यात वरचं, छपराच्या पुढे आलेल्या कडेखालचं.

लोक सांगायला यायचे. “मिस्त्री, वर एक राहिलंय बरं का.” काका मान वर करायचे, जीभ चावायचे. “राहिलं होय? येतो एक दिवस.” तो दिवस काही उगवायचा नाही. हळूहळू गावात त्यांचं नावच पडलं, विसरे मिस्त्री. नवं घर बांधून झालं की लोक आधी वर बघायचे आणि हसायचे. “विसरले का? विसरले! मग काम पक्कं आहे.” काकू तर घरात सगळ्यांसमोर म्हणायच्या, “ह्यांच्या डोक्यात देवाकडून एक वीट घालायची राहून गेली.” आम्ही हसायचो. मीही हसायचो. ते मी लपवणार नाही.

एकजण हसत नसे. काकांचा मुलगा, आमचा दादा.

दादाही गवंडीच झाला, बापाच्या हाताखाली शिकून. हात तसाच साफ, पण स्वभाव उलटा. काका पाण्यासारखे, हा चुन्यासारखा. पाणी पडलं की तापायचा. शाळेत पोरं त्याला ‘भोक्या’ म्हणत. मोठा झाल्यावर कामावरची माणसं तोंडावर म्हणत नसत, पण त्याने बांधलेल्या भिंतीखाली उभं राहून एकदा वर बघून घेत. ते बघणं त्याला लागायचं. एकदा मी होतो तिथे, तेव्हा तो बापाला म्हणाला, “बाबा, तुमच्या तोडीचा कारागीर ह्या गावात नाही, आणि गाव तुम्हाला हसतं. एक भोक बुजवायला अर्धा तास लागतो. मी येतो ना बरोबर!”

काका म्हणाले, “हसू दे रे. हसण्याने भिंत पडत नाही.”

“माझी पडते,” दादा म्हणाला आणि निघून गेला.

काका गेले ते थंडी सुरू होताना. दुपारी डब्यांना पाणी घातलं आणि मागच्या दाराशी खुर्चीत टेकले, ते टेकलेच. झारी खुर्चीशेजारी सरळ ठेवलेली होती. पडलेली नव्हती हो, ठेवलेली. जाणारा माणूस जाताना झारीसुद्धा सांडू देत नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

महिनाभराने दादा माझ्याकडे आला. मी टपाल वाटतो, त्यामुळे तो मला लहानपणापासून ‘टपाल’च म्हणतो.

“टपाल, काम आहे तुझ्याकडे.”

गावातल्या दवाखान्याला नवी इमारत जोडायची होती. जुनी इमारत काकांनी बांधलेली. कामावरच्या इंजिनिअरबाईंनी दादाच्या हातची कामं बघितली होती, त्या त्याला नव्या इमारतीचं काम द्यायला तयार होत्या. दादाच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम. फक्त बाईंनी जुन्या इमारतीची पाहणी करून एक कागद केला होता आणि तो दादाला वाचायला दिला होता. त्यात एक ओळ होती: पूर्वेच्या भिंतीवर छपराखाली भोक, मूळ गवंड्याच्या विसराळूपणामुळे राहिलेले.

दादाला ती ओळ पाठ झाली होती. “कागदावर लिहिलं रे. आजवर तोंडी होतं. आता बाबा गेले, आणि मागे कागदावर हे राहणार. मी गावातली सगळी भोकं बुजवणार आहे. एकूण एक. मग बघू कोण विसरे म्हणतं. तू गावभर हिंडतोस, तुला प्रत्येक भिंत माहीत. मला यादी करून दे.”

मी यादी करून दिली. माझ्या अक्षरात, गल्लीवार, पत्त्यासकट. एकतीस इमारती भरल्या. देवा, केवढ्या उत्साहाने लिहिली मी ती! मला वाटलं, काकांचीच सेवा करतोय.

सुट्टीच्या दिवशी आम्ही निघायचो. त्याची माणसं दुसऱ्या कामावर असत, म्हणून शिडी मी धरायचो आणि तो चढायचा. पहिला दवाखाना. मग पुढचे. वर गेला की भोकाकडे नीट बघायचासुद्धा नाही. तोंड फिरवून विटेचे तुकडे आत कोंबायचा, वरून गिलावा मारायचा, थापी फिरवायचा आणि उतरायचा. खाली लोक जमायचे. “लेक असावा तर असा. बापाचं राहिलेलं पुरं करतोय.” दादाचे खांदे दर आठवड्याला थोडे वर यायचे. उन्हाळा तोंडावर आला तोवर आमची अकरा झाली होती. दवाखान्याच्या इंजिनिअरबाईंनी येऊन बघितलं, कागदावर ‘दुरुस्त’ असं लिहिलं आणि म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी खोदाई सुरू करू.”

गाऊन कथा सांगणारे इथे जरा थांबतात, ऐकणाऱ्याला श्वास घेऊ देतात. तुम्हीही घ्या.

त्याच आठवड्यात मी एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी पत्र टाकायला गेलो. त्या पहिल्या मजल्यावर राहतात, खिडकीशी त्यांचं मशीन. ती इमारत आमच्या यादीत सातवी. मी दाराशी पोचलो आणि डोक्यावरून काहीतरी गेलं. चिर्र असा आवाज, आणि मग एक थाप. मऊ. ओला कपडा भिंतीवर आपटावा तशी.

वर बघितलं. पाकोळी होती.

पाकोळी तुम्ही बघितली असेल. कोयत्यासारखे पंख, काळपट अंग. ती झाडावर बसत नाही, तारेवर बसत नाही, जमिनीवर तर नाहीच, कारण पाय इतके इवलेसे की उभं राहता येत नाही. ती आभाळात खाते, आभाळात पाणी पिते, जाणती माणसं सांगतात की झोपतेसुद्धा आभाळातच. सगळं आयुष्य तिला टेकायला म्हणून एकच जागा लागते, आणि तीही अंडी घालण्यापुरती. थंडीत ती कुठल्या मुलखात जाते कोण जाणे. पण उन्हं तापली की परत येते, आणि मागच्या वर्षीच्या त्याच फटीत येते. आजूबाजूला हजार फटी असू देत, तिला तीच सापडते. हे तिला कोण शिकवतं? मी पत्ते वाचून पत्रं टाकतो, तरी आठवड्याला एखादं चुकतं माझं. आणि समुद्र ओलांडून येणारं मूठभर पाखरू, हातात चिठ्ठी नाही की चपाटी नाही, अर्ध्या विटेचा पत्ता चुकत नाही!

ती दोघं होती. एक जण लांब वळसा घेऊन यायचं, वेग जराही कमी न करता थेट छपराखाली शिरायचं, आणि आमच्या गिलाव्यावर आपटायचं. नखांनी क्षणभर लोंबकळायचं, सुटायचं, जमिनीच्या हातभर वर सावरायचं आणि परत वळसा. मग दुसरं. मग पहिलं. गिलावा नवा, बाकी भिंत जुनी. तो चौकोन उन्हात पांढरा दिसत होता, आणि त्याच्यावर बारीक ओरखडे उठले होते.

माझ्या हातातलं पत्र तसंच राहिलं.

खिडकीतून बाई म्हणाल्या, “तीन दिवस चाललंय हे. मला मशीन चालवता येईना. शेवटी खिडकी लावून घेतली.”

मी विचारलं, “दरवर्षी येतात?”

“अहो, दरवर्षी! आणि तुमचे काकाही यायचे त्यांच्या मागोमाग. त्या आल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिस्त्री खाली हजर. ‘भोक बुजवायला आलोय’ म्हणायचे. तासभर मान वर करून उभे. मी वरून म्हणायची, मिस्त्री, बुजवताय ना? तर म्हणायचे, ‘आज सिमेंट विसरलो.’ पुढच्या वर्षी, ‘आज थापी विसरलो.’ एका वर्षी शिडी, सिमेंट, थापी सगळं घेऊन आले, तेव्हा मी म्हटलं, आता काय विसरलात? तर कान धरून म्हणाले, ‘कशाला आलो तेच विसरलो, बाई.’”

सांगताना त्या हसत होत्या आणि गळ्यातल्या टेपने डोळे पुसत होत्या.

मी त्या दिवशी पहिल्यांदाच टपाल वाटायचं अर्धं सोडून दादाला बोलवायला गेलो.

दादा आला. बाईंचं सगळं बोलणं मी त्याला वाटेत सांगितलं होतं. खाली उभा राहिला. एक थाप, दुसरी थाप. तिसरीला त्याने डोळे मिटले. बाई जिना उतरून खाली आल्या होत्या. दादाने त्यांना विचारलं, “बाबा तुम्हाला काही म्हणाले होते का, भोक का ठेवायचे ते?”

बाईंनी गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली. मग म्हणाल्या, “एकदाच. पोरा, तरुणपणी त्यांनी एक भोक बुजवलं होतं, सगळे बुजवतात तसंच. आत पिल्लं होती ते कळलं नाही. दोन दिवस भिंतीतून आवाज येत होता. कुठून येतोय ते कुणाला समजेना. मिस्त्रींना समजलं, तोवर तिसरा दिवस उजाडला होता. आवाज थांबला होता.”

वर पुन्हा एक थाप बसली. बाईच पुढे म्हणाल्या,

“मी म्हटलं, मग मिस्त्री, सरळ सांगा ना लोकांना. तर म्हणाले, सांगितलं तर मालक म्हणतील पाखरं घाण करतात, बुजवा. विसरलो म्हटलं की माणसं हसतात. आणि एकदा हसली की सोडून देतात.”

मंडळी, मी देवाचं नाव घेणारा माणूस. मोठमोठ्या त्यागाच्या कथा मी मांडी घालून ऐकल्यात. कुणी राज्य सोडलं, कुणी घरदार. पण कारागिराला सोडायला अवघड काय असतं? त्याचं नाव! भिंत त्याची नाही, घर त्याचं नाही. ‘काम चोख’ एवढे दोन शब्द काय ते त्याचे. काकांनी ते दोन शब्द वरच्या एका भोकात ठेवून दिले आणि आयुष्यभर हसू झेललं. आणि आम्ही त्यांच्याच घरातले, त्यांच्याच ताटातले, आम्हाला पत्ता नाही! पाखरांना पत्ता होता.

दादाने शिडी लावली. मी धरली. छिन्नी हातोडी घेऊन तो वर गेला, आणि पाकोळ्या त्याच्या कानाजवळून जात राहिल्या. गिलावा फुटला, विटेचे तुकडे खाली आले. मग त्याने हात आत घातला.

तो बराच वेळ तसाच राहिला. एक हात शिडीवर, दुसरा कोपरापर्यंत भिंतीत.

“दादा? काय झालं?”

“टपाल,” वरून आवाज आला, अगदी काकांसारखा हळू. “आत गिलावा आहे रे.”

“म्हणजे?”

“आतून केलंय सगळं. मागे पक्की वीट लावून बंद केलंय, घरात ओल जायला नको म्हणून. तळ बाहेरच्या बाजूला उतरता आहे, पावसाचं पाणी थांबायला नको म्हणून. मागच्या कोपऱ्यात वाटीसारखा खळगा केलाय, अंडी घरंगळायला नकोत म्हणून. थापी आत जाणारच नाही, एवढ्याशा जागेत. बोटांनी केलंय.” मग म्हणाला, “बोटं लागतायत मला. चार आणि एक अर्धं.”

मी शिडीला कपाळ टेकवलं. दुसरं काय करणार?

खाली उतरल्यावर दादा जमिनीवरच बसला. म्हणाला, “आपण मूर्ख. सगळ्यात वरचं भोक. परांची वरून सोडवायची असते, तेव्हा वरचं भोक सगळ्यात आधी बुजवायचं असतं. पहिलंच काम कुणी विसरतं का? एवढ्या वर्षांत एका गवंड्याच्या डोक्यात हे आलं नाही. माझ्याही नाही.”

आम्ही बाजूला सरलो. पाकोळी वळसा घेऊन आली, तोच वेग, तीच दिशा. ह्या वेळी थाप ऐकू आली नाही. पेटीत पत्र पडावं तशी ती आत गेली. भिंत आधी होती तशीच होती, आणि आत कुणीतरी घरी आलेलं होतं. बाईंनी हात जोडले, त्या भिंतीला की आणखी कुणाला, मी विचारलं नाही.

पुढचे दोन दिवस मी रजा टाकली. आम्ही भोकं उघडत फिरलो. ज्या लोकांनी बुजवताना शाबासकी दिली होती तेच खाली जमायचे. “अरे, बाप विसरायचा, पोरगा बुजवून उघडतो! ह्यांच्या घराण्यातच काहीतरी आहे.” दादा चुन्यासारखा तापायचा ना? एकदाही तापला नाही. छिन्नी चालवत राहिला.

दहा झाली. राहिला दवाखाना.

मी म्हटलं, “दादा, सोमवारपासून तुझी खोदाई. तेवढं एक नंतर बघू. काम हातात येऊ दे.”

“आणि तोवर त्या आपटतील?”

“संध्याकाळी इंजिनिअरबाई गेल्यावर तरी उघडू.”

“नको. बाबांनी लपवून केलं, कारण त्यांना कुणाशी वाद घालता यायचा नाही. मला येतो.”

भर दुपारी, बाई कामावर असताना, त्याने पूर्वेच्या भिंतीला शिडी लावली. पहिला तुकडा पडला तशा बाई धावत बाहेर आल्या. “काय करताय? ते दुरुस्त झालंय! माझी सही झालीय त्याच्यावर!”

“दुरुस्त नव्हतं, बाई. मी बिघडवलं होतं.” तो पूर्ण उघडूनच खाली उतरला. “ते राहिलेलं भोक नाही. ठेवलेलं आहे. माझे बाबा विसराळू नव्हते. तुम्ही नवं काम मला द्या नाहीतर नका देऊ, पण कागदावरचा तो शब्द मला खोडून हवाय.”

“सोमवारी खोदाई आहे, आणि तुम्ही शब्दासाठी भांडताय?”

“पायाची खोदाई कुणीही करेल. हा शब्द माझ्याशिवाय कोण खोडायला लावणार?”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग वर बघितलं. मग पायातल्या चपला काढल्या आणि शिडी चढायला लागल्या. मी घाईघाईने शिडी धरली. वर जाऊन त्यांनी बाही मागे सारली, हात आत घातला, आणि बोटांनी चाचपत राहिल्या. मला वाटलं होतं, एकदा हात घालून उतरतील. पण नाही. माणूस अंधारात जिना चाचपतो तसं एकेक बाजू बघत होत्या. उतरल्या तेव्हा बाहीला मातकट धूळ होती, ती त्यांनी झटकली नाही.

“उतार किती आहे?”

“बोटभर,” दादा म्हणाला.

“ह्या भिंतीला आतून ओल कधीच आली नाही. मी त्याचं कारण शोधत होते.” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “ह्या कामाला नकाशा नव्हता ना?”

“बाबांना नकाशा वाचता यायचा नाही.”

बाईंनी आतून तो कागद आणला आणि तिथेच, भिंतीला टेकवून, ‘विसराळूपणामुळे राहिलेले’ खोडलं. वर लिहिलं, ‘हेतूने ठेवलेले. बुजवू नये.’ आणि सही केली. मग म्हणाल्या, “हे मी माझ्या अधिकारात केलं. कामाचं मात्र दवाखान्याच्या समितीच्या हातात आहे. त्यांना मी काय सांगणार आणि ते काय म्हणणार, दोन्ही मला माहीत आहे.”

काम दुसऱ्याला गेलं. उगाच गोड करून सांगत नाही. समिती म्हणाली, बुजवलेलं उघडणारा गवंडी आम्हाला नको. दादा वर्षभर कुंपणं आणि पायऱ्या करत फिरला. पण त्या दिवशी तो माझ्या सायकलवर मागे बसून घरी आला, आणि वाटेत त्याने चारदा विचारलं, “‘बुजवू नये’ असं लिहिलंय ना? तू वाचलंस ना नीट?”

काकूंना आम्ही त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. मला वाटलं, रडतील. त्या चिडल्या! उठून उभ्याच राहिल्या. “मला नाही सांगितलं? एवढी वर्षं मी चारचौघांत काय वाट्टेल ते बोलत राहिले, आणि हा माणूस माझ्यासमोर जेवत बसून हसत राहिला? शिंपीणबाईला सांगितलं आणि मला नाही?” पदराचं टोक तोंडाशी नेलं, परत काढलं. “कुठे आहेत ती भोकं? मला दाखवा.”

मग रोज संध्याकाळी त्या निघायला लागल्या. एक दिवस एक गल्ली. कधी मी बरोबर, कधी दादा. भिंतीखाली उभ्या राहायच्या आणि सरळ भांडायला लागायच्या, मोठ्याने, भिंतीशी. “सांगायला काय झालं होतं? मी बुजवायला जाणार होते का?” येणारे-जाणारे बघायचे. मग आभाळातून चिर्र असा आवाज यायचा, त्या गप्प व्हायच्या, आणि पाकोळी आत गेली की बरोबर असेल त्याचं मनगट घट्ट धरायच्या. एकतीस भिंतींपैकी प्रत्येकीखाली त्यांनी तेच भांडण केलं, आणि मी बरोबर असलो की माझ्या मनगटावर बोटं उमटली. म्हातारपणी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत इतका अचंबा मावलेला मी पाहिला नाही.

एक सांगायचं राहतंय, आणि ते न सांगता उठलो तर मला पाप लागेल. आम्ही बुजवलेल्या अकरांपैकी दहा भोकांत त्या वर्षी पाखरं परत शिरली. बेकरीच्या मागच्या इमारतीवरचं अकरावं रिकामं राहिलं. आम्ही पोचायच्या आधी ती जोडी किती वेळा आपटली आणि मग कुठे गेली, मला माहीत नाही. तो पत्ता माझ्या अक्षरात लिहिलेला होता. तिथे टपाल टाकायला गेलो की माझा हात आपोआप छातीशी जातो. दादा दर उन्हाळ्यात तिथे जाऊन उभा राहतो. अजून कुणी आलेलं नाही.

तर आता उठा, उशीर झाला असेल तुम्हाला. माझं एवढंच मागणं आहे. आज निजायच्या आधी देवाचं नाव घ्याल, तेव्हा एक क्षण माझ्या काकांची आठवण काढा. आणि काकूंचीही काढा. त्यांचे गुडघे गेलेत, आता गल्ल्या फिरणं होत नाही. त्या मागच्या दाराशी, रंगाच्या डब्यांमध्ये बसून असतात, आभाळाकडे कान लावून.